सासऱ्यांचं खातं बंद करणारी स्क्रिप्ट

"जे काम दुसऱ्यांदा करावं लागतं, ते माणसाने करूच नये. स्क्रिप्टला करायला लावावं!"

हे वाक्य चुटकीबहाद्दर दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवायचाच. छापखान्याचे सगळे संगणक त्याच्या ताब्यात होते. कुठलंही काम सांगा, "चुटकीसरशी!" म्हणून तो काळ्या पडद्यावर चार ओळी खरडायचा, म्हणून हे नाव. नेमणूक मात्र अजून कच्ची होती. शुक्रवारी संचालक ती कायम करणार होते आणि तोवर एकही भानगड होता कामा नये, असं बायकोने निक्षून बजावलं होतं.

संचालकांनी काम दिलं होतं तेही साधंच. नोकरी सोडून गेलेल्यांची जुनी खाती बंद करायची. पण त्यात एक खातं सासऱ्यांचं होतं!

सासरे म्हणजे चुटकीच्या आधी याच खुर्चीवर उभा जन्म काढलेला माणूस. जावयाला इथे चिकटवणारेही तेच. त्यांनी जेवताना नुसतं मीठ मागितलं तरी समोरच्याला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. त्यांचं खातं आपल्या हाताने बंद करायचं, या कल्पनेनेच चुटकीचे हातपाय गळायचे.

म्हणून त्याने युक्ती काढली. नव्वद दिवसांत जे खातं वापरलं गेलं नाही, ते आपोआप बंद करणारी स्क्रिप्ट! उद्या सासरे कडाडले तर सांगता येईल, "बाबा, मी नाही हो, यंत्राने केलं. यंत्राला नातीगोती कुठे कळतात?"

"आधी नुसती नावं पडद्यावर काढून बघ," बायको म्हणाली. "बाबा नेहमी तसंच करायचे."

"तुझ्या बाबांचा काळ गेला गं! तीन ओळींची तर गोष्ट आहे!"

त्या तीन ओळींत नव्वदच्या आधी एक चिन्ह टाकायचं होतं. अधिक टाकलं की नव्वद दिवसांपासून पडून असलेली खाती. उणे टाकलं की नव्वद दिवसांच्या आत वापरलेली. शुक्रवारी सकाळी चुटकीने उणे टाकलं, बटण दाबलं आणि ऐटीत खुर्चीला रेलला.

पहिली हाक मांडणीवाल्या बाईंची आली. "अहो, मला आत घेत नाहीये हे!"

मागोमाग प्रूफं तपासणारे आजोबा, मग हिशेबनीस, मग मुखपृष्ठाचा चित्रकार! जो जो माणूस इमाने इतबारे रोज कामाला येत होता, तो तो बाहेर फेकला गेला होता. वर्षानुवर्षं न फिरकलेल्यांची खाती तेवढी सुखरूप होती. चुटकीने घाईघाईने चूक सुधारायला हात पुढे केला, तर त्याचाही पडदा मिटला. तोही नेमाने कामावर येणाऱ्यांतलाच!

सगळ्या कुलपांची एक मूळ किल्ली असते, ते मुख्य खातं. ते त्याने गेल्याच महिन्यात 'सुरक्षेसाठी' स्वतः बंद केलं होतं आणि त्याबद्दल चहा पाजून सगळ्यांकडून शाबासकीही घेतली होती. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा, तर त्याच्यावरूनच मोठ्या मशीनला पानं जात होती. ती मध्येच तुटली की चालू फर्मा, म्हणजे एका तावावर छापली जाणारी सगळी पानं, कचऱ्यात.

तेवढ्यात फोरमन आला. "साहेब, पुढच्या फर्म्याच्या प्लेटा कोण काढणार? शाळेची पुस्तकं आहेत. संध्याकाळी गाडी लागणार! संचालक विचारतायत, कोणी केलं हे?"

"बघतोय, बघतोय!" चुटकी म्हणाला. बघायला पडद्यावर काहीच नव्हतं.

नोकरी गेली, हे त्याला स्पष्ट दिसायला लागलं. बायकोचा चेहरा दिसायला लागला. नव्वद दिवसांत न वापरलेलं, तरीही पूर्ण अधिकार असलेलं असं एखादं खातं कोणाचं असेल? उत्तर सुचलं आणि त्याने नाइलाजाने फोन उचलला.

"हॅलो... बाबा?"

"कामाच्या वेळेत फोन? काय मोडलंत?"

"काही नाही! म्हणजे... तुमचा पासवर्ड जरा मिळाला असता तर..."

"जावईबापू, पासवर्ड मी तुमच्या सासूबाईंनाही सांगितलेला नाही. येतो!"

हे 'येतो' ऐकून चुटकीला फोनमध्येच शिरून नाहीसं व्हावंसं वाटलं.

सासरे आले. मागे संचालक, फोरमन, मांडणीवाल्या बाई, अशी सगळी वरात. सासऱ्यांनी जावयाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि एका बोटाने टकटक सुरू केली.

"चुकलं म्हणतंय."

पुन्हा टकटक. "पुन्हा चुकलं."

"बाबा, जपून! तिसऱ्यांदा चुकलं तर हेही खातं बंद पडेल!"

"असला अडाणी नियम कोणी केला?"

"मीच," भिंतीकडे बघत चुटकी म्हणाला. "सुरक्षेसाठी."

सासऱ्यांनी डोळे मिटले. चुटकीने ठाऊक होती तेवढी सगळी स्तोत्रं मनात एकदम सुरू केली आणि त्यांची खिचडी झाली. टक... टक... टक...

"उघडलं!" फोरमन ओरडला.

सासऱ्यांनी आधी बंद झालेली नावं पडद्यावर काढली. मग चष्मा पुसून एकेक नाव मोठ्याने वाचलं, हजेरी घेतल्यासारखं. सगळी बरोबर आहेत याची खात्री पटल्यावरच हुकूम सोडला. खाती उघडली. बाहेर जल्लोष झाला.

सासऱ्यांनी आता ती स्क्रिप्ट उघडली.

"उण्याच्या जागी अधिक हवं होतं. ठीक, माणूस चुकतो. पण जावईबापू, ही चुकली नसती तर कोणाचं खातं बंद झालं असतं?"

चुटकी भिंतीशी आणखी सलगी करायला लागला.

"तुमचंच की हो, दादा!" फोरमन मोकळेपणाने म्हणाला.

सासऱ्यांनी चष्मा काढून पुन्हा एकदा सावकाश पुसला. चुटकीला त्याचीच जास्त भीती वाटली. नोकरी जाईल ती जाईल, पण रविवारी सासुरवाडीला जेवायला कोणत्या तोंडाने जायचं?

संचालकांनी घसा साफ केला. "वेळेवर योग्य माणसाला बोलावलंत. तुमची नेमणूक मी आजच कायम करतो," ते चुटकीला म्हणाले. चुटकीचा कानांवर विश्वास बसेना. त्याने संचालकांचे हात धरले, आभार मानले, डोळे पुसले.

"एकच अट. यापुढे तुमची कुठलीही स्क्रिप्ट यांनी तपासल्याशिवाय चालवायची नाही. सोमवारपासून हेही रोज इथेच बसतील."

सासऱ्यांनी खुर्ची ओढली, चुटकीच्या अगदी शेजारी.

नोकरी कायम झाली. सासरेही.