बिनसाखळीचे मेयर

भास्करकाकांना कुणी सहज म्हटलं, "आज फार गारठा आहे हो," की ते क्षणभर गंभीर होत आणि म्हणत, "बघतो मी. माझंच काम आहे ते."

समोरचा हसायचा. काका हसायचे नाहीत. ते आमच्या गावाचे थेट निवडून आलेले मेयर होते, आणि गावात जे जे बिघडेल त्याची तक्रार आपल्याकडेच आली पाहिजे असं त्यांना मनापासून वाटायचं. त्यात हवासुद्धा आली.

बर्मिंगहॅमपासून ट्रेनने अर्ध्या तासावरचं आमचं गाव. काका माझे शेजारी. मी हाय स्ट्रीटवरच्या केमिस्टकडे नोकरीला, आणि काका आयुष्यभर बसच्या डेपोत टाइमटेबलं आखून रिटायर झालेले. रिटायर झाल्यावर शांत बसले असते, पण आमच्या गल्लीतला दिवा बंद पडला. काकांनी कौन्सिलला फोन केला. कौन्सिल म्हणालं, हे रस्त्यांच्या खात्याला, हायवेजला विचारा. हायवेज म्हणाले, कमिटीपुढे येईल. कमिटीतले गृहस्थ म्हणाले, हे ऑफिसरचं काम. ऑफिसर सुट्टीवर होता. काका माझ्याकडे येऊन म्हणाले, "शुभा, माझ्या डेपोत बस उशिरा सुटली तर कोणाला झापायचं हे झाडूवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. इथे अख्ख्या गावात झापायला माणूस नाही."

नेमका तेव्हाच नवा कायदा आला होता. गावाची इच्छा असेल तर लोकांनी आपला मेयर थेट मत देऊन निवडायचा आणि कारभाराचे निर्णय त्याने घ्यायचे. गावाने हो म्हटलं. काका अपक्ष उभे राहिले. विमलकाकूंनी विणलेला जांभळा मफलर गुंडाळून दारोदार फिरले. पत्रकावर एकच वाक्य होतं: 'झापायला मी आहे.' इंग्रजीत ते जरा बरं दिसत होतं. मोठ्या पक्षांनी एकमेकांची मतं खाल्ली आणि काका निवडून आले. काकू म्हणाल्या, "आता रोज इस्त्रीचा शर्ट लागणार."

पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "गळ्यातली ती सोन्याची साखळी कुठाय? एक फोटो काढू." मग काका समजावून सांगत, "साखळीवाले मेयर वेगळे. ते फिती कापतात, शाळांत बक्षिसं देतात. मी शिव्या खातो." पाहुण्यांचा चेहरा पडायचा. आपण चुकीच्या मेयरकडे उतरलो असं त्यांना वाटायचं.

कारभाराची भाषा हळूहळू घरात शिरली. कौन्सिलचे ऑफिसर कुठलाही प्रश्न तीन पर्याय मांडून आणत. काकांना त्याची इतकी सवय लागली की जेवायला बसतानाही विचारत, "आज भाजीचे ऑप्शन्स काय आहेत?"

"ऑप्शन एक, दुधी," काकू म्हणत. "ऑप्शन दोन, दुधी. ऑप्शन तीन, स्वतः करून घ्या."

"मग एकची शिफारस मान्य," म्हणून काका पान वाढून घेत.

आमच्या मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये असायचा. गाड्यांना जागा नसायची. मंडळाचे लोक म्हणाले, "काका, तुम्ही आपलेच. एक दिवस नो-पार्किंगच्या पिवळ्या रेघेवर गाड्या लावू द्या." काका म्हणाले, "आपला आहे म्हणूनच नाही." आणि आरतीच्या वेळी स्वतः चकाकतं पिवळं जॅकेट घालून कारपार्कमध्ये उभे राहिले. एकेक गाडी हात दाखवून आत घेतली. आरती संपली तेव्हा कुणीतरी त्यांना बाहेरच मोदक नेऊन दिला.

अशी मजेत चालली होती काकांची मेयरकी. मग बाथ्सचं प्रकरण आलं.

बाथ्स म्हणजे गावातला जुना पोहण्याचा तलाव. वर काचेचं छप्पर, भिंतींना हिरव्या टाइल्स. सगळं गाव तिथे पोहायला शिकलं होतं. विमलकाकूसुद्धा. पन्नाशी उलटल्यावर, गुडघे दुखतात म्हणून त्या बायकांच्या वेळेला जाऊ लागल्या आणि पाण्यात अशा रमल्या की गुडघ्यांचं नाव काढीनात. इंजिनिअर लोकांनी छप्पर तपासलं आणि सांगितलं, लोखंड आतून गंजलंय, कधीही खाली येईल. नवं छप्पर घालणं गावाला झेपणारं नव्हतं. आता कौन्सिलर मंडळींच्या लक्षात आलं की निर्णय मेयरचा असतो. एरवी मीटिंगमध्ये तासन्‌तास बोलणारे त्या दिवशी टेबलाकडे बघत बसले.

काकांनी सही केली. बाथ्सला कुलूप लागलं.

गाव खवळलं. काका जो भेटेल त्याला छपराचं सांगत, पण लोकांना ते निमित्त वाटलं. माझ्या दुकानात औषधाला आलेली माणसं माझ्याकडे काकांना शिव्या देत. काकूंनी पोहण्याचा पोशाख घडी करून कपाटात वर टाकला आणि बरेच दिवस नवऱ्याशी कामापुरतंच बोलल्या. पुढची निवडणूक हेलन नावाची एक तरुण शिक्षिका जिंकली. तिची मुलं त्याच तलावात पोहायला शिकली होती. 'पहिल्याच आठवड्यात कुलूप काढीन,' असं तिने सांगितलं होतं.

काका हरले. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर ते बागेत गुलाब छाटत होते. म्हणाले, "बरं झालं. आता थंडी वाजली की मीपण दुसऱ्याकडे तक्रार करणार."

काही आठवडे गेले. कुलूप निघालं नाही. मग बातमी आली की शनिवारी दुपारी टाऊन हॉलमध्ये सभा आहे. हेलनने स्वतः आत जाऊन छप्पर पाहिलं होतं, आणि आता बाथ्स पाडावे लागतील हे ती लोकांना सांगणार होती.

शनिवारी काका माझ्या दारात उभे. "शुभा, माझी गाडी गॅरेजमध्ये आहे. मला टाऊन हॉलला सोडतेस?" हातात पिशवी होती. मला वाटलं, गंमत बघायला चाललेत. वाटायला काय, मी त्यांच्या जागी असते तर गेले असते.

आम्ही पोचलो तेव्हा सभा नुकतीच संपली होती. पायऱ्यांवर फलक घेतलेली माणसं होती, आणि बरेचसे चेहरे मागे काकांविरुद्ध ओरडलेलेच. एका इंग्रज गृहस्थाने काकांना ओळखलं. "बास्कर, बरं झालं आलात. तिला सांगा जरा."

"ती बरोबर सांगत्येय," काका म्हणाले आणि त्याच्या बाजूने वाट काढत आत गेले. मीही मागोमाग.

हेलन वरच्या मजल्यावर आपल्या ऑफिसात एकटी बसली होती. कोटसुद्धा काढला नव्हता. काकांना बघून उठली. तिलाही वाटलं असावं, हिशोब चुकता करायला आले.

"निवडणुकीत मी तुमच्याबद्दल नको नको ते बोलले," ती म्हणाली.

"ऐकलं मी. माइक चांगला होता." काकांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून तिच्यासमोर ठेवला. "आधी खा. मिरची घातलेली नाही."

डब्यात पोळीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी होती. हेलनने एक घास घेतला, मग भराभर खाल्लं. सकाळपासून उपाशी असणार. अर्ध्यावर तिचे डोळे भरून आले. काका खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले, तिचं आवरेपर्यंत.

"हे पुढे सोपं होतं का?" तिने विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "पण उद्या त्यांचे घसे बसलेले असतील."

ती हसली. आम्ही निघालो.

गाडीत मी म्हटलं, "पोळ्या काकूंच्या वाटल्या नाहीत."

"मी केल्या. जाड झाल्या," काका म्हणाले. "मी सही करून घरी आलो ना, त्या दिवशी विमल मैत्रिणीकडे निघून गेली होती. ताट झाकून ठेवलं होतं तिने. तिचं काही चुकलं नाही. तिचा तलाव मी बंद केला होता. पण भात गार झाला होता, आणि घरात कुणी नव्हतं. मी तसाच बसून राहिलो."

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा माझं त्यांच्या मांडीवरच्या रिकाम्या पिशवीकडे लक्ष गेलं.

"काका, डबा तिथेच राहिला. वळवू का गाडी?"

"नको, राहू दे," काका म्हणाले. "सोमवारी आणायला जाईन म्हणतो."