वरीलप्रमाणे

"असा मेंदू शंभर वर्षांत एकदाच जन्माला येतो, आणि तोही सातवी 'ब'ला भूगोल शिकवायला," असं सर आरशासमोर उभं राहून स्वतःबद्दल म्हणत. नकाशातली बारीक गावं वाचायला घेतलेलं भिंग त्यांच्या खिशात कायम असे, म्हणून मुलं त्यांना भिंगसर म्हणत. आजवर त्यांनी तीन प्रकरणं हाताळली होती: हरवलेली छत्री, हरवलेला डबा आणि पुन्हा हरवलेली छत्री. दुसऱ्यांदा ती तपासासाठी त्यांनीच नेली होती.

मंगळवारी सकाळी त्यांनी वर्तन नोंदवही उघडली. मुलांच्या खोड्या शिक्षकांनी लिहायची ती वही. पानाच्या माथ्यावर 'वर्गशिक्षक' असं छापलेलं आणि पुढे सरांचं नाव. त्याखाली पहिलीच नोंद. नावाच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे', आणि पुढे, 'भर तासाला झोपले होते. हलवले तरी उठले नाहीत. समज द्यावी.' सहीच्या जागी नुसता फराटा.

वर नाव एकच होतं. शिवाय 'झोपले होते'. मुलगा झोपतो, सर झोपतात, एवढं व्याकरण भूगोलाच्या माणसालाही येतं. मुलांना नकाशा भरायला देऊन सर रोज दहा मिनिटं डोळे मिटत, ही गोष्टही दुर्दैवाने खरी होती.

ठसे पुसले जाऊ नयेत म्हणून त्यांनी वही त्या पानावर उघडी ठेवूनच प्लास्टिकच्या पिशवीत बांधली आणि बाहेरून भिंग लावलं. शाई निळी, म्हणजे संशयित फक्त चारशे. अक्षर उजवीकडे कललेलं, म्हणजे लेखक वाऱ्याच्या बाजूला बसतो. 'द्यावी'ची वेलांटी दुसरी, म्हणजे विद्यार्थ्याचं काम नव्हे. इथे सर थबकले. वर्गात शुद्ध लिहिणारी एक मुलगी होती, आणि वहीही तिच्याच ताब्यात असायची.

मॉनिटर मुलगी समोर उभी राहिली.

"वेलांट्या बरोबर काढतेस ना?"

"हो सर."

"गुन्हा कबूल केलास."

"सर, मी काही लिहिलं नाही."

"शेवटच्या घंटेपर्यंत खरं सांग, नाहीतर बिल्ला काढून दे."

तो बिल्ला तिला तीन वर्षं वाट पाहून मिळाला होता. ती रडली नाही, पण तिचा हात बिल्ल्यावरून हलेना. सरांनी दोन पानी अहवाल लिहून मुख्याध्यापिकांकडे पाठवला. घंटेआधी दोघांनाही बोलावणं आलं.

"वही दाखवा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाई, ठसे आहेत त्यावर."

"बाई," मुलगी हळूच म्हणाली, "मागचं पान बघू का? सकाळपासून वही पिशवीतच आहे."

मोठ्या बाईंनी पिशवी सोडली आणि पान उलटलं. मागच्या पानावर शेवटची नोंद होती. नावाच्या रकान्यात 'शेवटच्या बाकावरचे तिघे', पुढे 'गृहपाठ नाही', आणि गणिताच्या बाईंचा तोच फराटा. पान संपलं, म्हणून बाई पुढच्या पानावर गेल्या होत्या.

"तिघं होते, म्हणून 'झोपले'," मोठ्या बाई म्हणाल्या. "आदर कोणी दाखवलेला नाही, सर."

सरांना एवढं हायसं वाटलं की ते हसलेसुद्धा. मोठ्या बाईंनी अहवाल पुढे ओढला.

"आता हे वाचते. 'मी झोपत नसून फक्त दहा मिनिटं डोळे मिटतो.' हे तुम्हाला विचारलं कोणी होतं?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते इथे भिंगातून पडलं होतं.

बाहेर आल्यावर त्यांना मुलीकडे बघवेना. पोरीचा बिल्ला आपण उगाच काढून घेणार होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"असू द्या सर. आमच्यातल्या कोणीच लिहिलं नसतं. तुम्हाला झोप लागली की मीच सगळ्यांना गप्प करते. तुम्ही दमलेले असता ना."

दुसऱ्या दिवशी सर अख्खा तास टक्क जागे राहिले. वर्गात इतका गोंगाट वर्षभरात झाला नव्हता.