सुभान तांडेलाचे तोंड चोरास लाविले त्याची हकीकत

श्री. ज्याने मुखे घडविली आणि एकासारखे दुसरे घडविले नाही, त्या कर्त्यास आधी वंदन, मग ऐकणारांस. शके सोळाशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, श्रावणमासी नदीकाठच्या एका राज्यात जे वर्तले ते जैसे कानी आले तैसे लिहिले. मीठ थोडे पदरचे पडिले असेल, मिरची मात्र मूळचीच होती. राज्य थोर, महाराज न्यायी, रयत खाऊन पिऊन सुखी, आणि नदीपलीकडे दर्यापुरा म्हणोन एक वस्ती. त्या वस्तीचे पूर्वज कैक पिढ्यांमागे गलबतांत घालोन दर्यापारहून आणिले गेले होते. वर्णे काळे, केस कुरळे, हाडे भक्कम. आता त्यांची बोली इथली, सण इथले, भांडणेही इथलीच, परंतु शहर त्यांचा रंग पाही आणि त्यांस अजून परकेच म्हणे. त्या वस्तीत सुभान तांडेल म्हणोन नाव वल्हविणारा राहात असे, आणि त्याची बायको नूराबाई, वयाने लहान, जिभेने तिखट, आणि कडेवर नुकती बोबडे बोलू लागलेली लेक जैना. नूराबाईस नवऱ्याच्या तोंडाचे भारी कौतुक. "आरशात बघत जावं जरा माणसानं," ऐसे ती म्हणे, आणि तो म्हणे, "तू बघतेस तेवढं पुरे आहे. दोघांनी बघून झिजायचं ते."

आता शहरात खबरखाना म्हणोन एक कारखाना होता. तेथून दर बाजारच्या दिवशी मोठा पट छापोन चावडीवर, घाटावर आणि वेशीवर लावीत. वर चित्र आणि खाली चार ओळी. वाचता येणारे थोडके, म्हणोन सगळी भिस्त चित्रावर. चित्र काढावयास लाकडाचे ठसे असत, आणि मनुष्याचे मुख लाकडात कोरावयास कारागिराचा पंधरवडा मोडे, सबब एकदा कोरिला ठसा वाया घालविण्याची तेथे चाल नव्हती; राजाचा एक, साधूचा एक, सुंदरीचा एक, तेच फिरवोन फिरवोन मारीत. खबरखान्याचे धनी नरहरपंत खबरनवीस, विडा गालात, नजर पुढच्या बाजारावर. त्या श्रावणात महापूर आला आणि कारभाऱ्यांची नात सगुणा नाव उलटोन प्रवाहात पडली, आणि काठावर शंभर मर्द उभे राहोन "धरा, धरा" ओरडले, आणि सुभानाने उडी टाकोन तीस बाहेर काढिले. मग पंतांस हर्ष जाहला, आणि सुभानास खबरखान्यात बसवोन त्याचे मुख हुबेहूब कोरविले, भिवईवरचा वण देखील सोडिला नाही, आणि पट लाविला. नूराबाई घाटावर गेली, पाहात राहिली, पदराने डोळे टिपले आणि लेकीस म्हणाली, "बघ गं, तुझा बाबा." कारभाऱ्यांच्या घरून जैनास जरीचे अंगडे आले. तो एक बाजार सुखाचा गेला.

पुढले बाजारी सोनाराचे दुकान फुटले. चोर कोणी पाहिला नव्हता, पट तर लाविलाच पाहिजे, आणि चोराचा ठसा खबरखान्यात नव्हता. कारागीर म्हणाला, "पंत, कोणाचं तोंड मारू?" पंत म्हणाले, "तो काळा आहे ना पडलेला, तोच मार. चोर म्हटला म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढे तसाच येतो." कारागीर म्हणाला, "अहो, तो पोर वाचवणारा!" पंत हसोन बोलिले, "तें गेल्या बाजारी. आता कोण लक्षात ठेवतो?" आणि तेंच खरे जाहले. मग देवळाची समई गेली, सुभानाचे तोंड छापिले. सरकारी कोठारातले धान्य घटले, सुभानाचे तोंड छापिले. कोणा सावकाराचे पोर दिसेना, तेव्हाही तेच. पुढे सोनाराचे दुकान त्याच्याच मेहुण्याने फोडिले ऐसे उघड जाहले, तेव्हा नूराबाई मोठ्या आशेने घाटावर गेली, तो पटावर मुख नाही, नाव नाही, एक वेलबुट्टी आणि खाली ओळ, की एका भल्या घरच्या इसमास मोह पडिला, ईश्वर त्यास सुबुद्धी देवो. नूराबाई तेथेच ओरडली, "ह्यांच्या चोराला वेलबुट्टी आणि आमच्या देवमाणसाला चोराचं तोंड? अरे, लाज धरा!" लोक म्हणाले, दर्यापुऱ्याची आहे, आवाज मोठाच असायचा.

मग दिवसेंदिवस ऐसे होऊ लागले की सुभान वाटेने चालिला की बाया गळ्यातले डोरले पदराखाली घेत, आणि जी माणसे जन्मात दर्यापुऱ्यास गेली नाहीत ती ओसरीवर बसोन सांगत की ती जातच तशी, आम्ही डोळ्यांनी पाहिले. कोठे पाहिले? तर पटावर. आणि सुभानाच्या नावेत बसावयास लोक कचरू लागले. नूराबाई म्हणाली, "पंतांकडे जाऊन ठसा मागा." तो म्हणाला, "जाऊ दे गं. लाकूड आहे ते." ती म्हणाली, "लाकडानंच माणसं जाळतात." मग एके बाजारी सुभान लेकीस कडेवर घेवोन गेला, आणि जैनाने बत्ताशांसाठी हट्ट घेतला, आणि त्याने नको म्हटले, आणि तिने टाहो फोडिला. काळ्या माणसाच्या कडेवर जरीच्या अंगड्यातले पोर, आणि ते रडते! कोणी ओरडिला, "अरे, हाच तो! सावकाराचं पोर नेणारा! पटावरचा!" आणि बाजार तुटोन पडिला. सुभानाने मार खाल्ला तो पोरीवर ओणवा होवोन खाल्ला. पोर हिसकोन घेतले, सुभानास बेड्या घालोन गडावर नेले, आणि कोतवाल हैबतराव यांनी उजवा हात तोडावा ऐसा ठराव केला. नूराबाई धावली आणि आधी लेकीस कोतवालीतून झगडोन आणिले. "पोर माझं आहे, ही बघा माझ्याच अंगाला कशी चिकटते!" शिपाई म्हणाला, "पोर तुझं असेल बाई, पण गडी चोरच. तोंड ओळखीचं आहे."

तैसीच ती पोरीसुद्धा दरबारी गेली, चोपदाराने अडविले तर त्याच्या काठीखालून वाकोन गेली, आणि सिंहासनापुढे उभी राहोन बोलिली, "मायबाप, माझ्या नवऱ्यानं काय चोरलं ते एकदा सांगा, मग हात तोडा." महाराज पुसते जाहले, "कोतवाल, पुरावा?" हैबतराव म्हणाले, "महाराज, शहरात लहान मूलही याचं तोंड ओळखतं." महाराज म्हणाले, "खरे. आम्हीही ओळखतो." तेव्हा नूराबाई हसली. ती म्हणाली, "मग महाराज, तुम्हीसुद्धा पटच बघता! हे तोंड पंतांनी कोरलं ते सगुणाताईंना पुरातून काढलं म्हणून. विचारा कारभाऱ्यांना." कारभाऱ्यांनी मान खाली घालोन म्हटले, "होय, महाराज. आम्हांस ठाऊक होते. पटाचे काय मनावर घ्यायचे, म्हणोन बोललो नाही." महाराज म्हणाले, "देवळाची समई कोणी नेली?" कोतवाल म्हणाले, "पुजाऱ्याचा भाचा निघाला, महाराज." "सावकाराचे पोर?" "आजोळी होते. सावकारास सांगायचे राहिले." "आणि कोठारातले धान्य?" हैबतराव हळू म्हणाले, "उंदीर, महाराज." महाराजांची मुद्रा लाल जाहली. "पंत, उंदरांस तांडेलाचे तोंड लाविले?" नरहरपंत हात जोडोन बोलिले, "महाराज, उंदराचा ठसा नव्हता."

दरबारात कोणी हसले, आणि नूराबाई त्याजकडे ऐसी पाहती जाहली की त्याचे हसू दातांतच राहिले. मग आज्ञा जाहली की सुभान तांडेल निर्दोष, सन्मानाने सोडावा, आणि ऐसे पुढील बाजारी पटावर छापावे. सुभान सुटला, एक डोळा सुजलेला, लेकीस पाहोन बोलिला, "बत्तासे घ्यायला हवे होते गं." आणि बाजारचे दिवशी तिघे घाटावर गेली. पट लागला होता. आज्ञा अक्षरशः पाळिली होती, बातमी सुभानाची, म्हणोन ठसा सुभानाचा, तोच, मोठा, काळा, आणि तळाशी बारीक अक्षरांत "निर्दोष." भाजीवाली वाचावयास शिकली नव्हती. तिने वर पाहिले आणि शेजारणीस म्हणाली, "बाई गं, पुन्हा काहीतरी नेलंन् मेल्यानं!" आणि बाया पोरे आत घेऊ लागल्या. तेव्हा जैनाने बोट वर केले, हसली, आणि आळीतल्या पोरांनी शिकविले होते तैसे मोठ्याने बोलिली, "चोल!" नूराबाईने पोरीचे बोट धरोन सुभानाच्या गालावर टेकविले. "हे कोण, राणी?" "बाबा." मग पटाकडे. "आणि ते?" "चोल." पुन्हा विचारिले, पुन्हा तेच, आणि पोर खुशीत, आपणास दोन्ही येतात म्हणोन. सुभानाने पोरीस घेतले आणि तो नदीकडे पाठ करोन उभा राहिला.

एणेप्रमाणे हकीकत. महाराजांनी मनुष्य सोडविला, तोंड सोडविता आले नाही. नरहरपंत आपले जागी आहेत, त्यांस पुढे मानाची वस्त्रे मिळाली. ठसाही जागी आहे, वापरून वापरून कडा झिजल्या, वण मात्र उमटतो. नूराबाई दर बाजारी पटाखाली लेकीस घेवोन उभी राहते आणि येईल त्याची वाट अडवोन सांगते, की हे माझ्या नवऱ्याचे तोंड, हे पुरातून पोर काढिले ते तोंड. कोणी थांबतो, बहुत थांबत नाहीत. जैना अलीकडे आईसंगे तेच थोडे थोडे बोलते. कळावे, आणि कळले तर चावडीवर गप्प बसो नये.