चित्राची उजवी बाजू

माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही! हा गर्व नव्हे, ही नोकरी होती. देवासच्या एका गिअरच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासणी विभागात काढली. केसाएवढी चीर चालता चालता पकडायचो. तेव्हा एक भिजलेलं चित्र दुरुस्त करणं म्हणजे माझ्या हातचा मळ!

चित्र विनोदिनीचं, म्हणजे माझ्या बायकोने काढलेलं. ती गेली त्याला रविवारी वर्ष होणार होतं. वर्षश्राद्धाला आमची ऋजुता पुण्याहून येणार होती, आणि तिने एकच गोष्ट मागितली होती. "बाबा, आईचं व्हरांड्याचं चित्र मी नेईन हं."

आणि नेमकी मी कुलरची टाकी ओसंडू दिली. पाइप लावला की तो बंदही करायचा असतो, हे आजवर विनोदिनीचं खातं होतं! ऋजुतासाठी भिंतीवरून काढून खिडकीखाली टेकवलेल्या चित्राची डावी बाजू तेवढी वाचली. तिथे खुर्चीत विनोदिनी, हातात कप. उजवीकडे खुर्चीचे दोन पाय, आणि वर भाताच्या पेजेसारखं काहीतरी.

त्या खुर्चीत कोण होतं हा प्रश्नच नव्हता. नवरा-बायको, व्हरांडा, संध्याकाळचा चहा. मीच की!

मोबाइलवर पाहिलं होतं : खराब चित्राचा फोटो काढायचा, गेलेला भाग कॉम्प्युटरवर भरायचा, कॅनव्हासवर छापायचं आणि वर खऱ्या वस्तू चिकटवायच्या. याला डिजिटल मिक्स्ड मीडिया म्हणतात. मी चित्र घेऊन अर्पितच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो. वाढदिवस, निवडणूक, तेरावं, सगळं एकाच मशीनवर.

"काकाजी, आपकी बैठी हुई फोटो दो."

घरचे सगळे अल्बम उपसले. मी कुठेच नव्हतो! मिळाला तो कारखान्याच्या ओळखपत्रावरचा चेहरा, मानेपर्यंत.

"मुंडी काफी है, काकाजी! बॉडी अपने पास रेडी है."

बॉडी खरंच तयार होती. पांढरा कुडता, गळ्यात शेला, हात जोडलेले. विनोदिनी चहा पिते आहे आणि मी तिच्याकडे मत मागतो आहे!

"अरे भिया, बसलेली बॉडी नाही का?"

"नेता बैठता कहाँ है, काकाजी?"

दिवस दोनच उरले होते, म्हणून तेच छापून घेतलं. विनोदिनीच्या माहेश्वरी साडीचा काठ कापून मी तिच्या पदरावर चिकटवला, कपात खरी चहापत्ती. पण माझे जोडलेले हात काही सुटेनात.

चार फुटी कॅनव्हास रिक्षातून उतरवताना शेजारच्या जयसिंगरावांनी पाहिलं.

"वा दिघेसाहेब! आपल्या वॉर्डातून पार्षदाच्या निवडणुकीला उभे राहताय? आणि सोबत वहिनी! मानलं भिया!"

मी नाही म्हणणारच होतो. पण वर्षभरात माझी बेल फक्त गॅसवाल्याने वाजवली होती. मी म्हणालो, "या, बसा. चहा ठेवतो."

संध्याकाळपर्यंत अकरा माणसं! कुणाची नाली तुंबलेली, कुणाचा दिवा बंद. दुसऱ्या दिवशी वीस. मी दोन पानं यादी केली. कप कमी पडले, म्हणून विनोदिनीचा पाहुण्यांचा सेट काढला. इतकं छान वाटत होतं की खरंच उभं राहावं असं मनात आलं!

शनिवारी ऋजुता आली. थेट चित्राकडे गेली.

"बाबा, हे कोण?"

"मी!"

"तुम्ही इथे कुठून आलात?"

तिने मोबाइलमधला मूळ चित्राचा जुना फोटो दाखवला. उजवीकडे खुर्ची होती. रिकामी. पुढे स्टुलावर कप, वर बशी झाकलेली.

"तुमची सेकंड शिफ्ट असायची ना! आई रोज तुमचाही चहा करायची."

एकोणीस वर्षं ते चित्र माझ्या ताटासमोर टांगलेलं होतं. दोष शोधायला मी रोज कारखान्यात जात होतो.

ऋजुताने अर्पितकडून तो फोटो छापून घेतला, मूळ भिजकं चित्रही घेतलं आणि सोमवारी गेली. हात जोडलेला मी मला राहिलो.

संध्याकाळी जयसिंगराव आले. मी सांगून टाकलं, निवडणूक वगैरे काही नाही.

"मग चित्रात हात कुणाला जोडलेत?"

"बायकोला."

"कशाबद्दल?"

"यायला उशीर झाला म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, नाल्यांची यादी परत मागितली आणि चहा न घेताच गेले. मी त्यांच्या कपावर बशी ठेवली.