इनासकाकांचा मतदारसंघ

इनासकाका परेरा आपला पत्ता चार ओळींत लिहितात. घर क्रमांक, गावठाण, मरोळ, आणि चौथ्या ओळीत 'मतदारसंघ : मुंबई उपनगर'. या नावाचा लोकसभा मतदारसंघ देशाच्या पहिल्या निवडणुकीत होता. दुसरी निवडणूक येईपर्यंत तो मोडून त्याचे भाग इतरांना वाटून झाले होते. काकांनी हे अजून मान्य केलेलं नाही. बँकेत, दवाखान्यात, गॅसच्या पुस्तकावर ती चौथी ओळ असतेच. एकदा कुरियरवाला वैतागून मला म्हणाला, "साहेब, ये उपनगर मतदारसंघ किधर आया?" मी त्याला काकांकडेच पाठवलं. तो पाऊण तासाने बाहेर आला, तेव्हा त्याला सगळं कळलं होतं आणि त्याची बाकीची पार्सलं राहिली होती.

काका ऐंशीला टेकलेले. उभं आयुष्य मरोळच्या एका कारखान्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं काढण्यात गेलं. लग्न केलं नाही. आमच्या इमारतीच्या फाटकासमोर त्यांचं बैठं घर आहे आणि बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत ट्रेसिंग पेपरने व्यापली आहे. त्यावर तो मतदारसंघ, रंगीत पेन्सिलींनी काढलेला. विलेपार्ले हिरवं, अंधेरी पिवळी, मरोळ लाल. देवाची तसबीर त्यासाठी शेजारच्या भिंतीवर सरकली आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही घाटकोपरहून इथे राहायला आलो, तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी मला त्या भिंतीपुढे उभं केलं.

"घाटकोपरचा काय? मग तू आमचाच," ते म्हणाले आणि पट्टीचं टोक नकाशाच्या एका जांभळ्या तुकड्यावर टेकवलं. "ही बघ तुझी जागा. बोरिवली, मुलुंड तेव्हा मुंबईच्या हद्दीत पण नव्हते. आता बोरिवलीवाला मला मुंबई शिकवतो."

हद्द बदलल्याची बातमी आली की ते पहिला प्रश्न विचारतात, "रेघ कोणी मारली?" माणूस रेघ मारतो म्हणजे कुठेतरी टेबलाशी बसून मारतो, त्याने आधी तिथे चालून बघायला नको का, असं त्यांचं म्हणणं. स्वतः ते चालून आले आहेत. जुनी सीमा त्यांनी निवृत्तीनंतर रविवारी रविवारी पायी पुरी केली. मधे एक मॉल लागला, तर त्याच्या एका दारातून शिरून दुसऱ्या दारातून बाहेर पडले.

प्रचाराला येणाऱ्या पोरांना ते पाणी देतात, बसवतात आणि विचारतात, "कुठला मतदारसंघ?"

"मुंबई वायव्य, काका."

"वायव्य ही दिशा झाली. दिशेला वारा असतो. माणूस राहतो काय तिथे?"

पोरं हसतात, मग नकाशा बघतात, मग घड्याळ बघतात. मीसुद्धा पुष्कळदा अडकलो आहे. मी चप्पल घातली की बायको विचारते, "काकांकडे का? मग भात आत्ता लावत नाही."

मागच्या निवडणुकीच्या आधी काका मतदारयादीची आमची पानं घेऊन घरी आले. दर वेळी ते सगळ्या इमारतीची नावं तपासतात. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मला विचारलं, "तुझं नाव आहे. बायकोचं आहे. आईचं कुठे आहे?"

आई तिथेच शेंगा सोलत बसली होती. घर बदलल्यावर मी आमच्या दोघांचे अर्ज भरले होते. आईचा राहून गेला होता. खरं सांगायचं तर तिचाही भरायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"राहिलं काका. करू पुढच्या वेळी," मी म्हणालो.

"अहो, जाऊ द्या," आई म्हणाली. "माझ्या एका मताने काय अडलंय?"

काका हसले नाहीत. इतका गंभीर चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता. "पुढच्या वेळी म्हणजे कधी रे? पाच वर्षांनी?" एवढं बोलून ते उठले. पाणीही प्यायले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते दारात हजर. "वहिनी, चला. शेवटची तारीख जवळ आली." मला ऑफिस होतं, म्हणून आईला घेऊन तेच रिक्षाने नोंदणी कार्यालयात गेले. तिथे कळलं की मी दिलेला फोटो दहा वर्षांपूर्वीचा आहे. दुसऱ्या खेपेला मी दिलेलं लाइटबिल जुन्या घराचं निघालं. संध्याकाळी मी माफी मागायला गेलो, तर म्हणाले, "तू नोकरीवर जा. तुझ्याच्याने हे होणार नाय." तिसऱ्या खेपेला अर्ज स्वीकारला गेला. परतताना दोघांनी उसाचा रस प्यायला, असं आईने सांगितलं. ती बऱ्याच दिवसांनी खुशीत होती.

पुरवणी यादीत नाव आलं. मतदानाच्या दिवशी बायको सकाळीच मत देऊन आली, मग आई, काका आणि मी असे आम्ही तिघं शाळेत गेलो. काकांचं आणि माझं मत आधी झालं. आईची खोली वेगळी होती आणि रांग मोठी. आम्ही अंगणात बदामाच्या झाडाखाली उभे राहिलो. काका तिच्या दारावरून नजर काढत नव्हते.

"येईल काका. नाव आहे यादीत," मी म्हणालो.

"माझी आई पण अशीच आत गेलेली," ते म्हणाले.

पहिल्या निवडणुकीची गोष्ट. काका चार-पाच वर्षांचे, आईच्या कडेवर. तिने लग्नातलं लाल लुगडं काढून नेसलं होतं, कानात सोन्याचं घातलं होतं. गावठाणातल्या बायका मिळून चालत गेल्या. तिचा नंबर आला, तेव्हा नाव सापडेना.

"यादीवाला घरी आलेला तेव्हा बाबा होता. त्या काळात बायकोचं नाव परक्यासमोर घ्यायला लाजायचे. त्याने सांगितलं, मी आणि माझी बायको. आता बायको म्हणून कोणाला मत देता येतं काय? नाव पाहिजे ना." काकांनी पुन्हा त्या दाराकडे पाहिलं. "परतताना तिने मला खाली उतरवलं नाय. वाटभर एक शब्द बोलली नाय. दुसऱ्या इलेक्शनच्या आधीच ती गेली. आणि तो मतदारसंघ पण."

मला आपलं लाइटबिल आठवलं आणि लाज वाटली.

तेवढ्यात आई कठडा धरत पायऱ्या उतरली. बोटाची शाई पदराला लागू नये म्हणून तिने हात लांब धरला होता. शेवटचं थोडं तिच्या कानावर पडलं असावं. ती काकांपुढे येऊन थांबली.

"इनासभाऊ, काय नाव तुमच्या आईचं?"

काकांनी घसा साफ केला. खिडकीपलीकडच्या कारकुनाला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, "रेमेदी. रेमेदी पास्कू परेरा."

आईने ते नाव हळूच म्हणून पाहिलं. "बरोबर म्हटलं ना मी?"

"बरोबर," काका म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. ते बराच वेळ पुसत होते. आम्हाला घाई नव्हती.