भिंतीवरचा बारावा विद्यार्थी

नायगावच्या बीडीडी चाळीत, मंडळाच्या खोलीत, बारा मुलांची नोंदणी एका मिनिटात झाली. घोळ व्हायला त्यातले चार सेकंद पुरले.

बकुळाबाई या खोलीत संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवत. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण आवाज अजून नोकरीतच होता. एका ट्रस्टने वर्गाला बारा टॅब दिले होते. अट एकच: मुलं बारा हवीत आणि प्रत्येकाची हजेरी नव्वद टक्के हवी. एकाची जरी घसरली, तर बाराच्या बारा टॅब शिवडीच्या वर्गाला. हजेरी टॅब स्वतः घेणार होता, रोज साडेसहाला, सगळ्यांचा एकत्र फोटो काढून, चेहरे ओळखून.

नोंदणीच्या दिवशी मुलं बारा हजर होती. पण नवा टॅब चार्ज झालेला नव्हता आणि खोलीतला प्लग सैल होता. तो कोणीतरी दाबून धरल्याशिवाय टॅब चालू राहत नव्हता. म्हणून सातवीतला स्वप्नील टेबलाखाली शिरून प्लग धरून बसला. बाकीचे अकरा ओळीत उभे राहिले. फोटो निघाला आणि टॅबने आनंदाने सांगितलं, "बारा चेहरे सापडले!"

बारावा चेहरा भिंतीवरच्या तसबिरीतला होता. टोपी, भरघोस मिशा आणि खाली ठळक अक्षरांत: कै. दगडू मास्तर धुरी. गिरणीतून सुटल्यावर याच खोलीत कामगारांना लिहायला-वाचायला शिकवणारे, वर्गाचे संस्थापक.

नावं भरायचं काम पाचवीतल्या आकांक्षाकडे होतं. ती अत्यंत प्रामाणिक मुलगी. टॅबने चेहरा दाखवून नाव विचारलं, तिने तसबिरीखालचं वाचून पहिलं नाव 'कै' टाकलं. वय सहा ते चौदा यांतलंच निवडायचं होतं. मास्तर मोठे दिसत होते, म्हणून तिने चौदा दाबलं. पालक म्हणून मास्तरांची मुलगी सुंदराबाईंचा नंबर दिला. सुंदराबाई एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. चौदा वर्षांच्या बापाची एकोणऐंशी वर्षांची पालक टॅबला अजिबात खटकली नाही.

स्वप्नील टेबलाखालून बाहेर आला तोवर यादी भरून बंद झाली होती.

"बाई, माझं नाव?"

"टाकते रे. मी आहे ना!" बकुळाबाई म्हणाल्या. त्या जे म्हणत ते करत, हे चाळीला माहीत होतं. टॅबला माहीत नव्हतं.

चार दिवसांनी त्यांचा मदत क्रमांकाला फोन लागला.

"एक नाव चुकून पडलंय, काढायचंय."

"मुलगा वर्ग सोडून गेला का, मॅडम?"

"तो जग सोडून गेलाय. पन्नास वर्षं झाली."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज. "पण हजेरी तर रोज दिसतेय."

"दिसणारच. भिंतीवर असतो तो!"

"मॅडम, मुलांना भिंतीवर चढू देऊ नका. ट्रस्टच्या नियमात बसत नाही. यादी आता तीन महिन्यांनी, आमच्या दीपिका मॅडम भेटीला येतील तेव्हाच उघडेल."

तसबीर उतरवावी, तर बारावा गैरहजर आणि टॅब शिवडीला. शिवाय खोलीची चावी बाईंना सुंदराबाईंनीच दिलेली. त्यांनी दारातच बजावलं, "फोटो हलूचो नाय, बकुळा. हलवलंस तर चावी माका परत दी."

मग बाईंनी सोपा मार्ग काढला. हजेरी मास्तर लावतील, फोटोपुरता स्वप्नील बाजूला उभा राहील आणि मास्तरांच्या टॅबवर अभ्यास तोच करेल. स्वप्नील सुंदराबाईंचाच नातू, म्हणजे प्रकरण घरातल्या घरात.

"हो माज्या बापाशीवरच गेलो हा," सुंदराबाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या. "तसांच नाक, तसांच कपाळ."

"आजी, त्यांना मिशी आहे!" स्वप्नील वैतागला. पोरं हसली. आजी हे वाक्य रोज म्हणत आणि पोरं रोज हसत.

स्वप्नीलने आजवर गणिताला हात लावला नव्हता. पण पहिलं उदाहरण सुटलं आणि टॅब गोड आवाजात म्हणाला, "शाब्बास, कै!"

"बाई, गणित मी सोडवायचं नि शाब्बासकी भिंतीला?" स्वप्नील उसळला. "थांबा, दाखवतोच याला." नक्की कोणाला, ते त्याने सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तो सर्वांच्या आधी येऊन बसू लागला.

टॅबला मुलांच्या मनाचीही काळजी होती. हजेरी घेताना तो प्रत्येकाला दोन शब्द बोले. आकांक्षाला म्हणे, "आज ताजीतवानी दिसतेस." मास्तरांना रोज एकच, "कै, आज थोडं हास."

मास्तरांनी ऐकलं नाही.

मध्ये मास्तरांची पुण्यतिथी आली. सुंदराबाईंनी झेंडूचा असा जाड हार घातला की टोपीचं टोक तेवढं उरलं. साडेसहाला टॅब म्हणाला, "अकरा हजर. कै आला नाही. पालकांना कळवलं आहे." दोन मिनिटांत सुंदराबाई फोन उंचावत आल्या.

"कोण म्हणता माझो बापूस इलो नाय? पन्नास वर्सां हयच आसा तो!"

तेव्हापासून हार हनुवटीच्या खाली घालायचा, असा मंडळाने ठराव केला.

तीन महिने सरले. दीपिका मॅडम आल्या त्या प्रमाणपत्र, पुष्पगुच्छ आणि फोटोग्राफर घेऊनच.

"अभिनंदन बाई! आमच्या चौदा वर्गांत तुमचा कै पहिला. किती वेगळं नाव आहे ना? गोड! कुठाय तो?"

बाकीची अकरा मुलं एकदम वहीत तोंड घालून बसली. बकुळाबाईंना कळत होतं, आता खरं बोललं तर टॅब जातील. न बोललं तर स्वप्नीलचं नाव कायमचं जाईल. त्यांनी पदर खोचला आणि भिंतीकडे बोट केलं.

"ते बघा."

दीपिका मॅडमनी तसबीर पाहिली. हार पाहिला. तेवणारी समई पाहिली. फोटोग्राफरने सवयीने एक फोटो काढून घेतला.

"आणि गणितं?"

"ती ह्याने सोडवली. हा खरा बारावा. तीन महिने एक दिवस चुकला नाही. टॅब न्यायचे तर न्या, पण आधी ह्याचं नाव लिहा."

मॅडमनी प्रमाणपत्रावरचं नाव नखाने खरवडून पाहिलं. ते लॅमिनेट केलेलं होतं. मग त्यांनी यादी उघडली. नाव काढायला कारणं तीन होती: स्थलांतर, आजारपण, अभ्यास पूर्ण. त्यांनी मास्तरांना एकदा हात जोडले आणि 'अभ्यास पूर्ण' दाबलं.

"ये रे, उभा राहा समोर."

स्वप्नील केस नीट करून उभा राहिला. टॅबने त्याच्याकडे पाहिलं. जरा विचार केला.

"हा चेहरा आधीच नोंदलेला आहे. कै, परत आलास? तुझी सगळी प्रगती जपून ठेवली आहे."

कोणी हसलं नाही. फक्त सुंदराबाई पुढे आल्या आणि टॅबच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "मी कधीपासून सांगतंय, बापाशीवर गेलो म्हणान. आयकला कोणी? शेवटी ह्या मशीनाकच कळला."

"चेहरा तोच म्हणतोय ना?" दीपिका मॅडम घाईघाईने म्हणाल्या. "मग फक्त नाव बदलते." आणि 'कै'च्या जागी त्यांनी 'स्वप्नील' लिहिलं. टॅब वाचले. प्रमाणपत्रावर 'कै'पुढे बाईंनी लॅमिनेशनवरच मार्करने 'चा पणतू स्वप्नील' असं जोडलं.

दुसऱ्या दिवशी स्वप्नील मामाकडे अँटॉप हिलला गेला होता. तीन महिन्यांतली पहिली दांडी, तीही हक्काची, स्वतःच्या नावावर. साडेसहाला बकुळाबाईंनी अकरा मुलांसमोर टॅब धरला.

"बारा हजर," टॅब म्हणाला. "स्वप्नील, आज थोडं हास."