तिसऱ्या साक्षीदाराची सही

निजामुद्दीन कारकुनाने पेन पुढे केलं, पण टोपण स्वतःच्या मुठीत दाबून ठेवलं. कचेरीतला हा जुना रिवाज होता. टोपण ज्याच्या हातात, पेन त्याच्याकडे परत येणारच. पण बन्सीला वाटलं, या माणसाने आपल्यावर चोरीचा वहीम घेतलाय. त्याने तळहात सदऱ्याला पुसला आणि मगच पेन घेतलं.

औरंगाबादच्या नोंदणी कचेरीत त्या दिवशी बन्सीच्या लेकीचं, सरूचं, रजिस्टर लग्न होतं. सरू मास्तरीण होती आणि नवरदेव रामकिसनही मास्तर, पण जातीबाहेरचा. त्यामुळे वेरूळजवळच्या त्यांच्या गावातून लग्नाला आला तो एकटा बन्सी. बायको चतुराबाईने दाराआडून लेकीसाठी चोळीचा खण दिला आणि तोंडात पदर कोंबून ती आत निघून गेली. थोरला भाऊ काकासाहेब म्हणजे भाऊकीत ज्याचा शब्द चालतो असा माणूस. त्याने आदल्या दिवशी बजावलं होतं, "जा खुशाल. पर तिथं तुझा हात धरून अंगठा घेत्याल. अंगठेबहाद्दराचं काय, कुणीबी धरावा अन् कुठंबी लावावा."

हे बोलणं बन्सीला झोंबलं, कारण ते खोटं नव्हतं. निजामाच्या राजवटीत त्याच्या बापाचा अंगठा असाच धरून एका उर्दू कागदावर उमटवला गेला, आणि विहिरीतला हिस्सा गेला. पोलीस अ‍ॅक्शन झाली, राज्य बदललं, पण सरू सोडली तर त्या घरात अजून कुणी सही केली नव्हती. बन्सीने मात्र या लग्नासाठी सरूकडून सही शिकून घेतली होती. गोठ्यात, पाटीवर, चोरून. हात धरून अंगठा घेता येतो, सही ज्याची त्यालाच करावी लागते, असा त्याचा साधा हिशेब होता. पोरीच्या पाठीशी बाप आपल्या मनाने उभा आहे, एवढंच त्याला त्या रजिस्टरात सांगायचं होतं.

पहिले दोन साक्षीदार, रामकिसनचे दोस्त, झरझर सह्या करून बाजूला झाले. आता पाळी बन्सीची होती.

"चाचा, पेन पहिल्यांदाच धरता का?" निजामुद्दीनने धास्तावून विचारलं.

"पाटीवर लई केलीया की सही!"

"मग संपलंच माझं पेन."

नवख्या माणसाने पेन मागितलं की निजामुद्दीनला ताप भरायचा. त्या पेनाने कुणी कान कोरला होता, कुणी पाठ खाजवली होती. एका भल्या माणसाने तर पुसून देतो म्हणत निब धोतराला पुसली आणि धोतराचा धागा निबेतच ठेवून दिला. पण रजिस्टरात पक्की काळी शाई लागते, बाकीच्या शाया पावसाळ्यात उडतात, असं त्याचं मत होतं. म्हणून जीव मुठीत धरून तो स्वतःचंच पेन देत असे.

बन्सीने पेन टेकवलं. काहीच उमटलं नाही.

"उलटं धरलंय, चाचा. निब सुलटी करा."

बन्सीने पेन फिरवलं. तरी उमटेना. मग हातावरचं पाणी झटकावं तसं त्याने ते झटकलं, आणि रामकिसनच्या पांढऱ्या सदऱ्यावर खांद्यापासून खिशापर्यंत काळ्या ठिपक्यांची रांग उठली.

"असू द्या, मामा," रामकिसन म्हणाला. नवा जावई दुसरं काय म्हणणार?

"बाबा, हलक्या हातानं," सरू कानाशी कुजबुजली.

पण पाटीवर हलक्या हाताने काही उमटत नाही, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. बन्सीने ओठ आवळले आणि भार दिला. निबेचे दोन पाय फाकले.

"या अल्ला! आहिस्ता, चाचा! नांगर नाय दिला तुम्हाला!"

त्या ओरडण्याने बन्सी दचकला आणि त्याचा 'ब' फेंगडा होऊन पोटात शाईचं डबकं घेऊन बसला. बन्सीने चूक पाहिली. पाटीवर चुकलं की काय करायचं, हे त्याच्या हाताला पक्कं ठाऊक होतं. त्याने अंगठा जिभेला लावला आणि सरकारी रजिस्टरातला 'ब' पुसायला घेतला.

निजामुद्दीनने झेप घालून त्याचं मनगट धरलं. बन्सी हात ओढायला गेला, कारकुनाने रजिस्टर वाचवण्यासाठी तो खाली दाबला, आणि या झटापटीत शाईने माखलेला अंगठा बरोबर साक्षीदाराच्या रकान्यात टेकला. कारकुनाने हात उचलला. रेघ न् रेघ स्वच्छ उठली होती.

"झालं का रे?" आतून साहेबांनी विचारलं.

"हो साहेब! तिसरे साक्षीदार, निशाणी अंगठा!"

"आवो नाय, मुन्शीजी! म्या सही करनार हाय," बन्सी काकुळतीला आला. "मला येती. आईच्यान येती."

निजामुद्दीनचा आवाज मऊ झाला. "येत असेल, चाचा. पण आता खाडाखोड केली तर साहेब पान रद्द करतील. मग आज लग्न नाय व्हायचं."

बन्सीने सरूकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी उभं होतं. त्याने पेन परत दिलं.

संध्याकाळी पोरीला परभणीच्या गाडीत बसवून तो एकटाच परतला. वाटभर त्याने अंगठा मुठीत झाकून घेतला होता. बापाचा अंगठा गेला तसाच आपलाही गेला, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावात उतरला तर समोर काकासाहेब, आणि सोबत भाऊकीतली चार माणसं.

"दाव हात," काकासाहेब म्हणाला. काळा अंगठा पाहून त्याचा चेहरा उजळला. "म्या म्हनलं नव्हतं? धरूनच घेतला ना? आता एवढंच चौघांत सांग. पोरीनं फसवून नेलं, हात धरून अंगठा घेतला. तुझ्यावर काय बोल नाय. पंगतीत तुझं पान हाय तिथंच ऱ्हाईल."

खरं तर नुसतं खरं बोलायचं होतं. हात धरला होता. अंगठा दाबला होता. धरणारी पोरगी नव्हती, रजिस्टरासाठी जीव टाकणारा एक कारकून होता. पण एवढा बारीक फरक भाऊकीत कोण विचारतो?

"नाय दादा," बन्सी म्हणाला. "कुणी धरला नाय. म्या माझ्या राजीखुशीनं लावला."

"आन् सही शिकलास म्हनं ती? तुझी बायकूच सांगत व्हती आमच्या घरात."

"ती अजून कच्ची हाय. पोरीच्या लग्नात कच्चं काम नगं म्हनलं."

काकासाहेब वळला, आणि त्याच्यामागे ती चार माणसंही वळली.

श्रावणात थोरल्या घरी पंगत बसली, तेव्हा बन्सीला बोलावणं आलं नाही. पंगतीचा गलबला भिंतीपलीकडून ऐकू येत होता. चतुराबाईने दोघांपुरतं पिठलं केलं. जेवताना तिला राहवलं नाही.

"कच्ची तर कच्ची, सही करायची व्हती तुमी. पोरीनं किती हौसेनं शिकवली व्हती."

खरं काय झालं ते तिला सांगितलं असतं, तर ते आज ना उद्या भिंतीपलीकडे गेलं असतं.

"चुकलंच माझं," बन्सी म्हणाला आणि पिठल्यात भाकरी कुस्करू लागला.